बाप्तिस्मा, गोऱ्हे आणि दशांश: सॅक्सनी ख्रिस्ती कशी झाली

व्हॅटिकनच्या ग्रंथसंग्रहात सुमारे इ.स. 800च्या काळातले एक हस्तलिखित आहे. त्यातला बहुतेक मजकूर लॅटिन आहे, पण मध्येच काही ओळी एका जुन्या जर्मन बोलीत लिहिलेल्या आढळतात, कारण त्या ज्यांच्याकडून वदवून घ्यायच्या होत्या त्यांना लॅटिनचा गंधही नव्हता. बाप्तिस्म्याच्या, म्हणजे ख्रिस्ती धर्मात प्रवेश देणाऱ्या पाण्याच्या संस्काराच्या, वेळी धर्मगुरू विचारतो, सैतानाचा त्याग करतोस का? समोरचा म्हणतो, करतो. सैतानाला द्यायच्या सगळ्या देण्याचा त्याग करतोस का? करतो. मग तो थुनार, व्होडेन आणि साक्सनोट या तीन देवांची नावे घेऊन त्यांना आणि त्यांच्या संगतीतल्या सगळ्या दुष्ट शक्तींना सोडल्याचे सांगतो, आणि शेवटी पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्यावर विश्वास असल्याचे तीनदा कबूल करतो.

या शपथेतले दोन शब्द थांबून पाहण्यासारखे आहेत. साक्सनोट हा सॅक्सन लोकांचा जणू कुलदेव. त्याच्या नावातच टोळीचे नाव आहे, आणि समुद्रापलीकडे इंग्लंडात स्थायिक झालेल्या सॅक्सनांपैकी एक राजघराणे तर आपली वंशावळ थेट त्याच्यापासून सांगत असे. म्हणजे त्याला सोडणे हे देव बदलण्याबरोबरच आपण कोण हेही बदलणे होते. दुसरा शब्द ‘देणे’. मूळ बोलीतल्या या शब्दाचा अर्थ देवाला वाहिलेला बळी असाही होतो आणि भरायची रक्कम असाही होतो. आजच्या जर्मन भाषेत पैशाला जो शब्द आहे तो याच कुळातला. जुन्या देवाचे देणे बंद करण्याची शपथ घेणाऱ्या या माणसाला नव्या देवाचे देणे किती भरावे लागेल, हे मात्र त्या शपथेत कुठेच लिहिलेले नाही, आणि 772 ते 804 या तीस-बत्तीस वर्षांतल्या रक्तपाताचा बराचसा उलगडा त्या न लिहिलेल्या ओळीत आहे.

हे सॅक्सन राहत होते ते आजच्या जर्मनीच्या वायव्य भागात, ऱ्हाइनच्या पूर्वेपासून एल्ब नदीच्या पलीकडेपर्यंत पसरलेल्या सपाट, दलदलीच्या आणि दाट जंगलांच्या प्रदेशात. वेस्टफालियन, आंग्रियन आणि ईस्टफालियन असे त्यांचे मोठे गट होते, आणि एल्बच्या उत्तरेला आणखी एक गट होता. समाजात तीन थर होते: उमराव, स्वतंत्र शेतकरी आणि अर्धबंधनातली कुळे. राजा मात्र नव्हता. नंतरच्या काळात लिहिलेल्या एका संतचरित्रात असे सांगितले आहे की, वर्षातून एकदा वेझर नदीकाठी मार्क्लो नावाच्या ठिकाणी सभा भरे आणि प्रत्येक विभागातून तिन्ही थरांचे बारा-बारा प्रतिनिधी तिथे येत. हे वर्णन लिहिणारा त्या सभेला बसलेला नव्हता, त्यामुळे त्याचा तपशील जपून घ्यावा. पण सॅक्सनांना एक मुकुट नव्हता ही गोष्ट सगळीच साधने सांगतात, आणि तीच पुढच्या कथेची किल्ली आहे.

त्यांच्या दक्षिणेला आणि पश्चिमेला फ्रँक लोकांचे राज्य होते. फ्रँक राजे इ.स. 500च्या आसपासच ख्रिस्ती झाले होते. दोघांच्या मधली सीमा उघड्या मैदानातून जात असे, त्यामुळे लूट, जाळपोळ आणि गुरे पळवणे हा दोन्ही बाजूंचा जवळपास वार्षिक व्यवसायच होता. धर्मोपदेशकही याच वाटेने येत, आणि त्यांतले बरेचसे इंग्लंडातले होते, कारण त्यांना भाषा जवळची वाटे आणि रक्ताचे नातेही. त्यांच्यात सर्वांत प्रसिद्ध बॉनिफेस. त्याने सुमारे 723 मध्ये हेसे प्रदेशात गाइसमार इथला थुनार देवाचा पवित्र ओक वृक्ष तोडला आणि त्याच लाकडातून संत पीटरचे प्रार्थनागृह बांधले. मात्र बॉनिफेसने झाड तोडले ते फ्रँक सत्तेच्या छायेतल्या मुलखात. सीमेपलीकडच्या सॅक्सनीत असे काही करायचे तर पाठीशी सैन्य हवे होते.

ते सैन्य 772 मध्ये आले. फ्रँकांचा राजा शार्लमेन 768 मध्ये भावासह गादीवर आला होता आणि 771 मध्ये भाऊ वारल्यावर एकटा राजा उरला होता. त्याने सॅक्सनांचा एरेसबुर्ग हा डोंगरी कोट घेतला आणि इर्मिनसूल नावाचे त्यांचे पूजास्थान उद्ध्वस्त केले. नवव्या शतकातला एक लेखक सांगतो की, इर्मिनसूल म्हणजे उघड्यावर उभा केलेला प्रचंड लाकडी स्तंभ, जणू सगळ्या जगाला आधार देणारा. तिथे सापडलेले सोने-चांदी राजाने बरोबर नेले, हे दरबारी वृत्तांत मोकळेपणाने नोंदवतात. त्यामुळे ही पहिली मोहीम धर्मासाठी होती की खजिन्यासाठी, हा प्रश्न त्यांच्याच नोंदीतून उभा राहतो. पुढच्या वर्षी राजा इटलीत गुंतला असताना सॅक्सनांनी फ्रिट्सलारवर चाल केली आणि बॉनिफेसने स्थापन केलेले तिथले चर्च जाळण्याचा प्रयत्न केला. देवस्थानाला देवस्थान, असा तो हिशेब होता.

इथून पुढे एक चक्र सुरू झाले. फ्रँक सैन्य उन्हाळ्यात यायचे, एखादा गट शरण यायचा, ओलीस द्यायचा, शपथा घ्यायचा. आणि सैन्याची पाठ फिरली की येरे माझ्या मागल्या. फ्रँक लेखक याला सॅक्सनांचा विश्वासघात म्हणतात. त्यात तथ्य नाही असे नाही, पण ते अर्धेच आहे. जिथे राजा नाही तिथे एका सरदाराने केलेला तह शेजारच्या सरदारावर बंधनकारक कसा होणार? इटलीतल्या लोंबार्ड लोकांचे राज्य शार्लमेनने 774 मध्ये त्यांची राजधानी आणि राजा हाती येताच घेतले आणि स्वतःला त्यांचा राजा म्हणवले. सॅक्सनीत घ्यायला राजधानीच नव्हती. जिंकायचे तर माणूस न् माणूस बांधून घ्यावा लागणार होता, आणि त्या काळात माणूस न् माणूस बांधून घेण्याचे एकच साधन हाताशी होते, ते म्हणजे बाप्तिस्मा.

दरबारी वृत्तांताच्या सुधारलेल्या प्रतीत 775 सालाखाली राजाचा निर्धार लिहिला आहे: सॅक्सन हरून ख्रिस्ती होईपर्यंत किंवा पूर्णपणे नष्ट होईपर्यंत युद्ध थांबवायचे नाही. पुढच्या वर्षी लिपे नदीच्या उगमापाशी मोठ्या संख्येने सॅक्सन बायकामुलांसह येऊन बाप्तिस्मा घेऊन गेले, आणि 777 मध्ये पाडरबोर्नला राजाने दरबार भरवला. त्या वेळच्या शरणागतीची नोंद वाचण्यासारखी आहे. सॅक्सनांनी आपल्या रिवाजाप्रमाणे आपले स्वातंत्र्य आणि आपली वडिलोपार्जित जमीन तारण म्हणून लिहून दिली. ख्रिस्ती धर्म आणि राजा, त्याचे पुत्र व फ्रँक लोक यांच्याशी निष्ठा या दोन्ही गोष्टी त्यांनी पाळल्या नाहीत, तर दोन्ही तारणे जप्त व्हायची होती. धर्म आणि राजनिष्ठा एकाच वाक्यात, एकाच तारणावर. आपण आज ‘धर्मांतर’ म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर मनाचा पालट येतो. पाडरबोर्नला जे झाले ते जमिनीच्या गहाणखताच्या अधिक जवळचे होते. या कराराचा दुसरा अर्थही लगेच ध्यानात येतो: जुन्या देवाला नवस करणे हा आता पापाबरोबर राजद्रोहही ठरला, आणि बंड करणे हा राजद्रोहाबरोबर धर्मत्यागही ठरला.

त्या दरबाराला विडुकिंड हा वेस्टफालियन सरदार आला नाही. तो उत्तरेला डेन लोकांच्या राजाकडे निघून गेला होता. शार्लमेन 778 मध्ये स्पेनच्या मोहिमेवर गेला, परतताना पिरेनीज पर्वतात त्याच्या पिछाडीची कत्तल झाली, आणि ही बातमी पोहोचते न पोहोचते तोच सॅक्सन लोक चर्चे जाळत थेट ऱ्हाइनच्या काठी येऊन भिडले. पुन्हा मोहिमा झाल्या, पुन्हा शपथा झाल्या. राजाने 782 मध्ये सॅक्सन उमरावांतूनच काहींना आपले अधिकारी नेमले. म्हणजे देश जिंकून झाला असे त्याला वाटत होते. त्याच वर्षी विडुकिंड परतला. स्यून्टेल डोंगराजवळ फ्रँक सेनानींनी आपल्या दुसऱ्या सरदाराला श्रेय मिळू नये म्हणून त्याची वाट न पाहता घोडे पिटाळले आणि ते कापले गेले. राजाचे दोन दूत, चार सरदार आणि वीसेक मानकरी त्या दिवशी पडले.

उत्तर आले ते आलर नदीकाठच्या फेर्डन इथे. वृत्तांत म्हणतो की, सॅक्सन प्रमुखांनी बंडखोर माणसे राजाच्या ताब्यात दिली आणि एका दिवसात 4500 जणांचा शिरच्छेद झाला. मग राजा हिवाळा घालवायला आपल्या वाड्यावर गेला आणि तिथे त्याने नाताळ साजरा केला. आकडा फार गोल आहे, आणि एका दिवसात इतकी मुंडकी उडवणे शक्य होते का, यावर इतिहासकारांचा वाद जुना आहे. तो असू दे. (1935 मध्ये नाझींनी फेर्डनला 4500 दगड उभारून या घटनेचे आपल्या सोयीचे स्मारक केले, हाही त्या आकड्याच्या इतिहासाचाच भाग.) त्या वाक्यातला पहिला अर्धा भाग मला अधिक बोलका वाटतो. माणसे ताब्यात देणारे सॅक्सनच होते. गावचे मोठे लोक फ्रँकांच्या बाजूला झुकत होते आणि मरणारे बहुधा दुसरे कोणी होते.

याच सुमारास, 782 किंवा 785 मध्ये, सॅक्सनीसाठी एक राजाज्ञा निघाली. तिची 34 कलमे आहेत, आणि ती ओळीने वाचताना वाचक प्रथम हादरतो आणि मग हळूहळू विचारात पडतो. बाप्तिस्मा न घेता लपून राहणाऱ्याला मृत्युदंड. ख्रिस्ती धर्माची अवहेलना म्हणून उपवासकाळात मांस खाणाऱ्याला मृत्युदंड, अर्थात गरजेपोटी खाल्ले का हे धर्मगुरूने आधी पाहायचे. मृतदेहाला अग्नी देणाऱ्याला मृत्युदंड. म्हणजे बापाला बापजाद्यांच्या रीतीने निरोप देणे हा देहान्ताचा गुन्हा. धर्मगुरूला मारणाऱ्याला, माणसाचा बळी देणाऱ्याला, राजाविरुद्ध कट करणाऱ्याला तीच शिक्षा. बाप्तिस्मा टाळणे आणि राजाशी बेइमानी यांच्यात फक्त दोन कलमांचे अंतर आहे. एका ठिकाणी मात्र पळवाट ठेवली आहे, आणि ती हुशारीची आहे: गुन्हा उघडकीला येण्याआधी माणूस आपणहून धर्मगुरूकडे गेला, कबुली देऊन प्रायश्चित्त घ्यायला तयार झाला, तर धर्मगुरूच्या साक्षीवर त्याचा जीव वाचेल. जीव वाचवण्याचा अधिकार ज्याच्या हाती, त्याच्या दाराशी गाव आपोआप येते.

मृत्युदंडाच्या कलमांचा बोलबाला झाला, पण शेतकऱ्याला रोज टोचणारी कलमे पुढे आहेत. प्रत्येक चर्चला तिथल्या लोकांनी एक घरठाण आणि जमिनीचे दोन वाटे द्यायचे. शिवाय दर 120 माणसांमागे एक दास आणि एक दासी. प्रत्येकाने आपल्या उत्पन्नाचा आणि श्रमाचा दहावा हिस्सा चर्चला द्यायचा. मराठी ख्रिस्ती समाजात यालाच ‘दशांश’ म्हणतात, मराठी बायबलमधला शब्द तोच आहे. मूल जन्मल्यापासून वर्षाच्या आत त्याचा बाप्तिस्मा झाला नाही तर उमरावाला 120, स्वतंत्र शेतकऱ्याला 60 आणि कुळाला 30 सोलिडस दंड. झऱ्यापाशी, झाडापाशी किंवा देवराईत नवस केला तर 60, 30 आणि 15. हा दंड भरता आला नाही, तर तो फिटेपर्यंत चर्चच्या चाकरीत राबायचे.

सोलिडस म्हणजे किती, हे कळल्याशिवाय या आकड्यांना अर्थ नाही. सॅक्सनीत नाणे फारसे फिरत नव्हते, त्यामुळे 797 च्या दुसऱ्या एका राजाज्ञेत हिशेब गुरांत करून दिला आहे: शरद ऋतूत गोठ्यात बांधायला नेतात किंवा वसंतात गोठ्यातून बाहेर काढतात, त्या वेळचे एक वर्षाचे वासरू म्हणजे एक सोलिडस. आता मागचे कलम पुन्हा वाचावे. अर्धबंधनातल्या कुळाने मुलाचा बाप्तिस्मा वर्षभरात केला नाही, तर तीस गोऱ्हे. आजारी मुलासाठी झऱ्यावर जाऊन नवस बोलला, तर पंधरा. इतकी जनावरे अशा माणसाच्या गोठ्यात कधी एकत्र बांधलेली असतील असे वाटत नाही. म्हणजे दंड हा बहुतेकांच्या बाबतीत नावापुरताच. खरी शिक्षा चर्चच्या शेतावरची चाकरी. आणि ती चाकरी संपायची तरी कधी?

दशांशाबद्दल एक गोष्ट सांगितली पाहिजे. खुद्द फ्रँकांच्या राज्यातही तो सक्तीचा करणारी आज्ञा 779 ची, म्हणजे अगदी ताजी होती. जो कर राजाची जुनी ख्रिस्ती प्रजाही कुरकुरत भरत होती, तोच कर कालपर्यंत व्होडेनला मानणाऱ्यांवर बाप्तिस्म्याचे पाणी सुकायच्या आत लादला गेला.

विडुकिंड 785 मध्ये शरण आला. राजाने ओलीस देऊन त्याला अभय दिले, आटिन्यी इथल्या राजवाड्यात त्याचा बाप्तिस्मा झाला आणि शार्लमेन स्वतः त्याचा धर्मपिता झाला, त्याला मौल्यवान भेटी दिल्या. फेर्डनला हजारोंची मान गेली, आणि ज्याच्यासाठी ते लढले तो राजाचा मानसपुत्र झाला. रोममध्ये पोप हेड्रियनने आभाराच्या प्रार्थना ठरवल्या. युद्ध संपले असे सर्वांना वाटले, आणि सात-आठ वर्षांनी, 792-93 मध्ये, पुन्हा भडका उडाला.

या टप्प्यावर दरबारातूनच एक वेगळा सूर निघाला. यॉर्कहून आलेला अल्कुइन हा शार्लमेनचा विद्वान सल्लागार. 796 मध्ये पूर्वेला डॅन्यूबच्या खोऱ्यात राहणाऱ्या, ख्रिस्ती नसलेल्या आवार लोकांवर विजय मिळाल्यावर आता तिथेही तोच कित्ता गिरवला जाणार हे पाहून त्याने काही पत्रे लिहिली. राजाला त्याने विचारले की, जन्मापासून या धर्मात वाढलेले आपणसुद्धा आपल्या उत्पन्नाचा पूर्ण दशांश द्यायला खळखळ करतो, तर नव्याने आलेली ही माणसे तो कसा देतील? राजाच्या खजिनदाराला त्याने आणखी स्पष्ट लिहिले: विश्वास ही आपखुशीची गोष्ट आहे, माणसाला तिच्याकडे ओढता येते, ढकलता येत नाही, आणि दशांश व दंड वसूल करण्यात जो आग्रह दाखवला तोच शिकवण्यात दाखवला असता, तर सॅक्सनांनी कदाचित बाप्तिस्म्याकडे पाठ फिरवली नसती. साल्झबुर्गच्या आपल्या बिशप मित्राला त्याचा सल्ला होता की, तू उपदेशक हो, वसुलीदार होऊ नकोस. आज हे वाचून अल्कुइनला धर्मस्वातंत्र्याचा पुरस्कर्ता ठरवण्याचा मोह होतो. तसा तो नव्हता. आवारांना ख्रिस्ती करावे याबद्दल त्याच्या मनात शंका नव्हती आणि विजयाचा त्याला आनंदच होता. त्याचा आक्षेप क्रमावर होता: आधी शिकवावे, मग बाप्तिस्मा द्यावा, आणि देण्याघेण्याचे त्यानंतर पाहावे.

797 ची राजाज्ञा, जिच्यात वासरांचा हिशेब आहे, ती सौम्य आहे. बऱ्याच ठिकाणी देहान्ताऐवजी दंडाची भाषा आली, आणि वेस्टफालियन, आंग्रियन व ईस्टफालियन यांच्या संमतीने ती ठरली असे तिच्यात नमूद केले आहे. पण राजाचे मन वळले म्हणून हे झाले असे मानण्याआधी थांबावे लागते, कारण एल्बच्या उत्तरेला त्याने निराळाच उपाय केला. 804 मध्ये तिथल्या लोकांना बायकामुलांसह उठवून फ्रँक राज्यात ठिकठिकाणी विखरून टाकले. शार्लमेनचा चरित्रकार आइनहार्ट हा आकडा दहा हजार देतो. त्यांची जमीन ओबोड्राइट या स्लाव्ह मित्रांना दिली, जे अजून ख्रिस्तीही नव्हते. धर्मासाठीच सारे चालले असते, तर ही वाटणी अशी झाली नसती.

आइनहार्ट युद्धाची 33 वर्षे मोजतो आणि तहाची अट सांगतो: सॅक्सनांनी जुनी पूजा सोडावी, ख्रिस्ती व्हावे आणि फ्रँकांबरोबर एक लोक होऊन राहावे. एक लोक झाले खरे, पण सारखे नाही. उमरावांना नव्या राज्यात जमिनी, पदे आणि मठ मिळाले. हाथुमार हा मुलगा ओलीस म्हणून नेलेला, व्युर्त्सबुर्गला शिकला आणि पाडरबोर्नचा पहिला बिशप म्हणून परत आला. जिंकलेल्या देशातला धर्माधिकारी त्याच देशाचा ओलीस. खालच्या दोन थरांना मात्र जुनी सभा गेली, जुने देव गेले आणि दशांश आला. 841 मध्ये शार्लमेनचे नातू आपसांत लढत असताना त्यांतल्या लोथारने या लोकांना तुमचा जुना कायदा परत देतो असे आश्वासन दिले, आणि शेतकरी व कुळे आपल्या मालकांवर उठली. या बंडाला श्टेलिंगा म्हणतात. दुसरा नातू लुडविग याने ते मोडले. 140 जणांचा शिरच्छेद केला आणि 14 जणांना फासावर दिले. या वेळी सॅक्सन उमराव कोणत्या बाजूला होते, हे सांगायला नको.

तरीही दोन पिढ्यांत हा धर्म त्या मातीत रुजला, आणि तो कसा रुजला हे कायद्यांपेक्षा एका कवितेत नीट दिसते. सुमारे 830 च्या आसपास ‘हेलियांड’ हे जुन्या सॅक्सन भाषेतले जवळपास सहा हजार ओळींचे ख्रिस्तचरित्र रचले गेले. त्यात येशू हा सरदार आहे, शिष्य त्याचे एकनिष्ठ शिलेदार आहेत, नाझरेथ आणि बेथलेहेम या गढ्या आहेत. ख्रिस्तजन्माची वार्ता मूळ कथेत मेंढपाळांना मिळते; इथे ती रात्री घोडे राखणाऱ्यांना मिळते, कारण सॅक्सन श्रोत्याला ते पटकन डोळ्यांसमोर आणता येत असे. अल्कुइन ज्याला शिकवणे म्हणत होता ते हे, फक्त तीस-चाळीस वर्षे उशिरा आलेले.

919 मध्ये सॅक्सन घराण्याचा हाइनरिख पूर्व फ्रँक राज्याचा, म्हणजे शार्लमेनच्या साम्राज्याच्या वाटणीतून उरलेल्या पूर्वेकडच्या भागाचा, राजा झाला. त्याची पत्नी माटिल्डा विडुकिंडच्या वंशातली होती. त्यांचा मुलगा ऑटो 936 मध्ये आखेनला, शार्लमेनच्याच चर्चमध्ये, राज्याभिषेक करून घेतो आणि 962 मध्ये रोमला सम्राट होतो. आता एल्बच्या पूर्वेला स्लाव्ह लोक होते, अजून जुने देव मानणारे, आणि त्यांच्यासाठी हाव्हेलबर्ग व ब्रांडेनबुर्ग इथे बिशपपीठे आणि 968 मध्ये माग्देबुर्ग इथे आर्चबिशपपीठ स्थापन झाले. गढी, चर्च आणि वसुली असा तोच क्रम. फक्त वसूल करणारे या वेळी सॅक्सन होते. 983 च्या उन्हाळ्यात स्लाव्ह उठले, त्यांनी तीन दिवसांच्या अंतराने आधी हाव्हेलबर्ग आणि मग ब्रांडेनबुर्ग घेतले, आणि त्यापुढची सुमारे दीडशे वर्षे या दोन्ही ठिकाणचे बिशप नुसत्या पदव्या बाळगून नदीच्या अलीकडे राहिले.